ब्यावरपर्यंतची सायकल

॥ श्री महावीराय नमः ॥

संगमनेर,
१६ डिसेंबर १९९८

ती. जिजीस,
हस्तीमलचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल. गुडघे कुरकुरतात, पण बरोबर येतायत. तुझ्या खाकऱ्यांचा डबा अजून निम्मा शिल्लक आहे.

रविवारी जुन्नरला तुझ्याकडे आलो, जेवलो, तू सायकलवरून माझी टिंगल केलीस, मीही हसलो. तुला वाटलं, भावाला उतारवयात खूळ लागलंय, घोडेगावहून सायकल मारत ब्यावरला गुरुमहाराजांच्या दर्शनाला निघालाय. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगायला तोंड उघडलं की तू ताटात काहीतरी वाढायचीस. तिसऱ्या फुलक्याला माझा धीरच संपला. म्हणून आता इथल्या जैन स्थानकाच्या ओट्यावर बसून लिहितो. जिजी, मला दीक्षा घ्यायची आहे.

मंचरला महाराजांचे दोन चातुर्मास झाले, तेव्हा मी रोज संध्याकाळी जायचो, ते वेळ घालवायला नव्हे. जानेवारीअखेरचा मुहूर्त आहे. पण घरच्या वडीलधाऱ्यांची लेखी आज्ञा असल्याशिवाय महाराज कुणालाही दीक्षा देत नाहीत. आई-दादा गेले. सुंदरबाईला जाऊन तीन वर्षं झाली. आम्हाला मूल नाही. दुकान तुझ्या अरिहंतकडे सोपवलंच आहे. वडीलधारी म्हणून जगात तू एकटी उरलीस. तू नाही म्हणालीस तर मी ब्यावरहून दर्शन घेऊन परत येईन, आणि पुन्हा त्याबद्दल बोलणार नाही.

सायकलचं कारण असं, की साधू झालो म्हणजे वाहन जन्माचं बंद. पुढे सगळं पायीच. याच सायकलवर कापडाचं गाठोडं बांधून मी डिंभ्याच्या वरच्या वाड्यांना लुगडी विकली. त्यातल्या कित्येक वाड्या धरणाच्या पाण्याखाली गेल्या, सायकल मात्र टिकली. तिला एकदा पोटभर चालवावी आणि मग सोडावी, एवढीच हौस.

एक गंमत सांगायची राहिली. आळेफाट्यापासून एक माझ्याच वयाचा माणूस सायकलवर पुढेमागे होत होता. हँडलला हिरवं निशाण, कॅरिअरवर वळकटी. तो पुढे गेला की मी पायडल जोरात मारायचो. मी पुढे गेलो की तो. आपण शर्यत लावतोय हे दोघांनीही कबूल केलं नाही. चंदनापुरीच्या घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा दोघंही रस्त्याकडेला आडवे पडलो आणि एकमेकांकडे बघून हसत सुटलो. नाव निजाम पिंजारी. तुझ्याच जुन्नरचा, गाद्या भरतो. मुलाचा पाय अपघातात गेल्यातच जमा होता. तो चालायला लागला तर सायकलवर अजमेरच्या दर्ग्याला येईन, असा नवस त्यानं बोललेला होता. पोरगा चालायला लागला. अजमेर आणि ब्यावर शेजारी, म्हणून आता आम्ही बरोबर. माझ्या दीक्षेचं त्याला सांगितलेलं नाही.

पुढचं पत्र धुळ्याच्या स्थानकाच्या पत्त्यावर टाक. रागव, पण उत्तर दे. लोभ आहेच, तो रागाच्या वरच्या फळीवर ठेवावा.

तुझा,
हस्ती


जुन्नर,
२० डिसेंबर १९९८

चि. हस्तीमल यास,
कस्तुरबाईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. वाचून झाल्यावर दूध उतू गेलं, मी बघत उभी होते, तरी गॅस बंद केला नाही. अरिहंतनं येऊन बंद केला.

आज्ञा मिळणार नाही. पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पण आशीर्वाद आधी लिहावा लागतो.

अरे, मी काय धर्म जाणत नाही? मीही रोज आसन घालून सामायिक करते, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाही. कुणाच्या घरी दीक्षा असली की मिरवणुकीत सर्वांत पुढे मी असते. पण आजवर ज्यांना निरोप दिला ती लोकांची माणसं होती रे. साधूला बहीण नसते. साधूच्या हाताला हात लावायचा नाही, त्याला राखी बांधायची नाही, तो कुठे आहे, त्याला ताप आला का, हे विचारायला पत्र पाठवायचं नाही. एकच भाऊ आहे मला. तो जिवंत असताना मी त्याला सोडून द्यायचं, आणि वर सही करायची?

मला एक सांग. सुंदर गेल्यापासून तू दुकानात उभ्याउभ्या डबा खातोस, हे अरिहंतनं मला सांगितलंय. घरी चूल पेटत नाही. याला वैराग्य म्हणतात का? याला रिकामं घर म्हणतात. घर खायला उठलं असेल तर जुन्नरला ये. माझ्याकडे दोन खोल्या पडून आहेत. त्यासाठी डोक्याचे केस उपटायची गरज नाही.

आणि तो पिंजारी कोण, कुठला? चार तासांच्या ओळखीवर मैलोनमैल निघालास? तो वाटेत काय खातो, कुठे बसतो, त्याच्या भांड्याला तुझं भांडं लागतं का, काही बघतोस का? मी त्याच्या घरी जाऊन चौकशी करणार आहे. माझी उशी नाहीतरी भरायचीच आहे.

कानाला मफलर बांध. धुळ्याला थंडी बोचरी असते. तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही, म्हणून तर भांडते.

तुझी,
जिजी


सेंधवा,
३१ डिसेंबर १९९८

ती. जिजीस,
हस्तीमलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र धुळ्याला मिळालं. चारदा वाचलं. तुझं म्हणणं चुकीचं आहे असं मला लिहिता येत नाही, म्हणून आज वाद घालत नाही. आज माझ्या फजितीची हकीकत वाच.

धुळ्याच्या अलीकडेच रमजान लागला. निजामभाऊला मी म्हणालो की प्रवासात रोजा सोडायची मुभा असते ना? तो म्हणाला, मुभा आहे, पण पायाला मुभा न घेता निघालोय तर पोटाला कशाला? झालं. तो सूर्य मावळल्याशिवाय खाणार नाही. मी सूर्य मावळल्यावर खाणार नाही. अख्ख्या दिवसात आमच्या दोघांच्या जेवणाला एक मिनिटाची सामाईक वेळ नाही! असे दोन सोबती देवानं शोधूनच काढले असावेत.

आता उपाशी माणसासमोर बसून मी खाकरा कसा मोडणार? पहिल्या दिवशी झाडाआड जाऊन खाल्लं, तर चोरी केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून सांगू लागलो की आज माझा उपवास आहे. तोही इतका भोळा, की दर चहाच्या टपरीवर सांगायचा, हे शेठजी बघा, लई कडक माणूस, सायकल मारून वर उपवास करतो. लोक हात जोडायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पहाटे त्याची सेहरी व्हायची तेव्हा सूर्य उगवलेला नसायचा, म्हणून तेव्हाही माझं तोंड बंद. दिवसभरात कधी केळं, कधी मूठभर शेंगदाणे चोरून, एवढ्यावर बिजासणीचा घाट चढायला घेतला आणि अर्ध्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. जाग आली तेव्हा निजामभाऊ माझ्या तळव्यांना चोळत होता आणि माझ्या पिशवीतला भरलेला डबा उघडा पडला होता.

काय शिव्या दिल्या त्यानं! म्हणाला, मी रोजा अल्लासाठी धरलाय, तू मरावास म्हणून नाही. दोन्ही सायकली एकट्यानं ढकलत त्यानं मला गावापर्यंत आणलं. मग इथल्या धर्मशाळेत त्यानं नियम घातला. दिवस मावळायच्या आधी तो मला पान वाढतो, समोर बसून मी शेवटचा घास गिळेपर्यंत हलत नाही. अजान झाली की मी त्याला वाढतो. खजूर, फळं, मग भाकरी. एकत्र जेवता येत नाही, पण एकमेकांना वाढता येतं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आधी आलं नाही. अन्न धर्मशाळेचंच असतं, पण वाढतो तो. तुझं तोंड वाकडं झालं असेल. माझंही पहिल्या दिवशी झालं होतं.

जिजी, सुंदरबाई गेल्यापासून मला कुणी समोर बसून वाढलं नव्हतं. आणि मी तर जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. पहिल्या दिवशी किती वाढायचं ते कळेना, होत्या तेवढ्या सगळ्या भाकरी निजामभाऊच्या पानात टाकल्या.

त्याच संध्याकाळी त्याला दीक्षेचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच पुढे निघून गेला. दुपारी परत आला. म्हणाला, हवा कमी वाटली म्हणून परतलो. पंप त्याच्याच सायकलला होता.

पत्र रतलामच्या पत्त्यावर टाक. रागातलं असलं तरी चालेल.

तुझा आशीर्वाद सायकलच्या पुढेपुढे असू दे.
हस्ती


जुन्नर,
५ जानेवारी १९९९

चि. हस्तीमल यास,
कस्तुरबाईचे अ. उ. आ.

गाढवा! उपवास असा खोटं सांगून करतात का? महाराजांना मी हे कळवू का, तुझा होणारा शिष्य चहाच्या टपऱ्यांवर तपस्वी म्हणून हात जोडून घेतो म्हणून? वाचताना हसले, आणि घाटात पडलास तिथं रडले. अरिहंत म्हणाला, आई, एक काहीतरी कर.

मी गेले होते त्यांच्या घरी. उशी काखेत मारून. निजामभाऊंची बायको जैबुन्निसा दारातच कापूस निवडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आधी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली की म्हंजे तुमच्याच भावानं आमच्या म्हाताऱ्याला शर्यत लावली व्हय? तिला सगळं ठाऊक. तिलाही पत्र येतं, नातू अरहम वाचून दाखवतो.

मग दोघी बसलो. तिचा रोजा, ती काही खाणार नाही. माझा दिवस मावळत आलेला, आणि खरं सांगू, मावळायला वेळ असता तरी मी तिच्याकडे पाणीही घेतलं नसतं. तिलाही ते कळलं होतं. दोन बायका समोरासमोर, मध्ये रिकामं ताट, कुणी कुणाला काही देऊ शकत नाही! तिलाच आधी हसू फुटलं. मग मलाही आवरेना. हस्ती, मी त्या घरी गेले ती माणूस पारखायला, आणि उठले तेव्हा अंधार पडला होता.

तिनं सांगितलं, की तो सायकलवर जायचं म्हणाला तेव्हा आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. वय झालंय, एका डोळ्यानं नीट दिसत नाही. मग निघायच्या आदल्या दिवशी तिनंच लसणाची चटणी कुटून दिली. मी विचारलं, राग गेला का? म्हणाली, राग कुठला जातोय, पण चटणीशिवाय त्याला भाकरी जात न्हाई.

आता नीट ऐक. तुझं वाढण्याचं वाचलं आणि मला कळायचं ते कळलं. तुला कुणीतरी समोर बसून वाढणारं हवं होतं. तीन वर्षं तुला भूक होती, आणि तू तिला वैराग्य समजलास. हे मी तुझ्यापाठीमागे करत नाही, तोंडावर सांगते. जैबुन्निसाच्या पत्रातून मी निजामभाऊंना निरोप धाडलाय, की माझ्या भावाला वळवा. अजमेरपर्यंत जा, दर्शन घ्या, आणि त्याला कॅरिअरला बांधून परत आणा. परत आला तर रोज मी वाढीन. मी नसेन तेव्हा निजामभाऊ वाढतील. बास.

उशी छान मऊ झाली आहे. तुझ्यासाठीही एक भरायला सांगितली आहे. ती वापरायला तू परत ये, एवढंच मागते.

तुझी,
जिजी


रतलाम,
११ जानेवारी १९९९

कस्तुरताईंना,
निजाम पिंजारीचा सलाम आनि नमस्कार. वि. वि.

ताई, आमच्या मराठीला हसू नका. गाद्या भरनाऱ्याचं अक्षर हाये, कुठं कापूस जास्त, कुठं कमी.

तुमचा निरोप पोचला. बायकोनं त्याच्याखाली आनखी लिवलंय, की शेठजींना घेतल्याबिगर आलात तर दार उघडनार न्हाई. म्हंजे आता माझ्यावर दोन बायांचा हुकूम. तुमाला खरं सांगतो, निरोप यायच्या आधीपासूनच मी त्याच खटपटीत व्हतो. सेंधव्याला शेठजींनी सांगितलं तवा मला लई राग आला. येवढं आयुष्य गेलं, दोस्त म्हनावा असा कुनी भेटला न्हाई. भेटला तर तो म्हनतो, मी आता दुनिया सोडतो. मंग मला कशाला भेटला राव? तसाच पुढं निघून गेलो. सात-आठ मैलावर गेलो आनि मागं बघतोय, कुनीच न्हाई. परत आलो.

मलाबी वाटलं व्हतं तुमच्यासारखंच. माणूस दुःखात हाये, घर खाली झालंय, म्हनून पळतोय. तर मी ठरवलं, ह्याचं दुःख हलकं करायचं. दुःख उतरलं की दीक्षेचं याडबी उतरंल. रोज वाढलं, रोज बोललो, चेष्टा केली, कापडावरून भांडलो. ते म्हनत्यात गादीला मांजरपाट चांगला, मी म्हनतो टिकिंग. ताई, दुःख उतरलं बरं का. इंदूरला आल्यापासून शेठजी गाणी म्हनत सायकल चालवत्यात. पोटभर जेवत्यात. वहिनींचं नाव निघालं तर आता डोळं भरत न्हाईत, हसून गोष्टी सांगत्यात, त्यांनी ह्यांची टोपी कशी लपवली व्हती ते. माणूस पुरा बरा झाला. आनि तरीबी जायचंच म्हनतो!

काल तुमचं पत्र ते परत परत वाचीत बसले व्हते. मी इचारलं, समजा वहिनी आत्ता ह्या दारात येऊन उभ्या राह्यल्या, तर? लई वेळ इचार केला त्यांनी. मला वाटलं, जिंकलो. मंग म्हनाले, तर जिजीच्या ऐवजी तिची आज्ञा मागितली असती.

ताई, तिथंच मी हरलो. दुःखानं पळनारा माणूस असं बोलत न्हाई. मी तुमच्या बाजूनं व्हतो, अजूनबी हाये. त्यांना कॅरिअरला बांधून आनलं असतं, येवढी ताकद हाये अंगात. पन मंग ते जुन्नरला येऊन तुमच्या हातचं जेवतील आनि रोज ब्यावरकडं बघतील. तुमाला खोटं लिवनं मला जमनार न्हाई, रोजा हाये.

ईदीला आमी अजमेरात असू. आज्ञा देनं, न देनं तुमच्या हातात. तुमी काय बी ठरवलं तरी मी तुमच्यावर नाराज न्हाई. मायेत आमालाबी एक कोपरा ठेवा.

तुमचा,
निजाम


जुन्नर,
१६ जानेवारी १९९९

चि. हस्तीमल यास,
कस्तुरबाईचे अ. उ. आ.

पाकिटात दुसरा कागद आहे तो महाराजांसाठी. त्यावर माझी सही आहे, अरिहंतची साक्ष आहे. संघाचे अध्यक्ष सांगत होते तसाच मजकूर लिहिला. मी माझ्या भावाला राजीखुशीनं आज्ञा देते, असं त्यात आहे. राजी आहे. खुशी अजून यायची आहे. पण महाराजांना एवढं बारीक सांगत बसू नकोस.

निजामभाऊंना म्हणावं, वळवायला सांगितलं होतं, तुम्ही मलाच वळवलंत.

मी ब्यावरला येणार नाही. लोक म्हणतील कसली बहीण. म्हणू देत. गुडघ्यांचं कारण सांगेन. तुझे केस उपटले जातायत आणि तू हूं की चूं करत नाहीस, हे मला बघवणार नाही. अरिहंत येईल, रीतीचं सगळं करेल.

माझी एक अट आहे. ती सायकल परत आली पाहिजे. तिकडे दान करू नकोस. आठवतं का तुला, लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरी जायला निघाले आणि एस.टी. चुकली? दादांनी तुला सांगितलं आणि तू पोरसवदा, मला कॅरिअरवर बसवून घोडेगावहून जुन्नरला आणलंस. मी वाटभर रडत होते आणि तू मागे वळून न बघता जोरजोरात गाणी म्हणत होतास. मला वाटायचं, किती दगड मनाचा भाऊ आहे. फार वर्षांनी कळलं, की तूही रडत होतास, म्हणून गात होतास. ती सायकल माझी आहे. तुझ्यावरचा हक्क सोडला, तिच्यावरचा सोडत नाही.

साधूला वचन मागत नाहीत, म्हणून मागत नाही. पण कधी विहार करत जुन्नरच्या वाटेनं आलास, आणि झोळी घेऊन निघालास, तर माझं घर ओळखीचं आहे.

तुझ्यासाठी भरलेली उशी मी जैबुन्निसाला दिली. साधूला उशी कशाला?

भरून आशीर्वाद. आता यापुढे तू मला आशीर्वाद द्यायचे.

तुझी,
जिजी


ब्यावर,
२७ जानेवारी १९९९

ती. जिजीस,
हस्तीमलचा शि. सा. न. वि. वि.

हा नमस्कार शेवटचा. परवा सकाळी माझं नाव बदलेल, आणि मग हा हात पत्र लिहिणार नाही.

आज्ञापत्र महाराजांनी दोनदा वाचलं. विचारलं, बहीण खुश आहे का? मी सांगितलं, राजी आहे, खुशी यायची आहे. तू लपवायला सांगितलं होतंस, पण ज्यांच्याकडे खरं बोलायला चाललोय त्यांच्याशीच लपवाछपवी कुठून करू? महाराज हसले आणि म्हणाले की हे आज्ञापत्र पुष्कळांपेक्षा खरं आहे.

ईदीला निजामभाऊ दर्ग्यातून बाहेर आला तेव्हा भर दुपार होती. रमजान संपला होता. त्या दिवशी आम्ही दोघं एका वेळी, एका ओट्यावर बसून जेवलो. सगळ्या वाटेत एकदाच. त्यानं शीरखुर्मा घेतला, मी खिचडी.

मग अजमेरहून ब्यावरला निघालो. ब्यावरच्या वेशीपाशी आल्यावर निजामभाऊनं आपली सायकल एका टपरीला टेकवली आणि मला म्हणाला, तुमची द्या इकडं, मागं बसा. शेवटचा तुकडा त्यानं मला कॅरिअरवर बसवून नेलं. त्यानं गाणी म्हणायला सुरुवात केली आणि मागे वळून बघितलं नाही. जिजी, सासरी जाताना तुला कसं वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. भीती वाटत होती आणि जायचंही होतं.

दीक्षा झाली की अरिहंत आणि निजामभाऊ दोन्ही सायकली रेल्वेनं घेऊन परततील. तिच्या चेनला तेल घालत जा.

तुला कधी दुखावलं असेल, तर मन-वचन-कायेनं खमतखामणा, क्षमा कर. तुझा लोभ मागायचा हक्क परवापासून राहणार नाही, म्हणून आज दोन हातांनी मागून घेतो.

तुझा, परवापर्यंतचा
हस्ती


जुन्नर,
२८ डिसेंबर २००१

श्री. निजामभाऊंस,
कस्तुरबाईचा सा. न. वि. वि.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं तुमच्या लेकीच्या, यास्मिनच्या फोनवरून जैबुन्निसाला कळलं. पट्टी निघाली की हे पत्र स्वतः वाचा, तोपर्यंत लेकीकडून वाचून घ्या. भिवंडीची हवा चांगली नाही, धुळीत बाहेर पडू नका.

निजामभाऊ, तो आला होता. फोनवर सांगता आलं असतं, पण फोन दुकानात, तिथं गिऱ्हाइकं असतात, आणि मला रडायला येतं.

चातुर्मास उठल्यावर नगरकडून विहार करत तीन साधू येतायत, हे कळलं होतं. त्यात शमितमुनी आहेत हेही कळलं. शमितमुनी म्हणजे आपला हस्ती. मी पहाटेपासून स्वयंपाकाला लागले. दाल, बाटी, गट्ट्याची भाजी, कढी, लापशी. घरात खाणारी माणसं दोन, मी आणि अरिहंत. केलं मात्र दहा जणांचं. अरिहंतनं एकदा विचारलं, आई, हे चालेल ना? मी त्याला गप्प केलं. साधूला त्याच्यासाठी रांधलेलं चालत नाही, घरच्यांसाठी केलेल्यातलंच थोडं घ्यायचं असतं, हे मी लहानपणापासून पोरीबाळींना शिकवत आले. आणि त्या दिवशी मीच विसरले. विसरले कसली, विसरायचं ठरवलं होतं.

दहाच्या सुमाराला दारात पांढरे कपडे दिसले. तोंडावर मुहपत्ती, हातात लाकडी पात्रं. उन्हानं काळा पडलाय, पायाला भेगा, पण पाठ ताठ. गुडघे कुरकुरतात का, विचारणार होते. विचारलं नाही. लांबूनच वंदन केलं. दारात ती सायकल उभी असते ना, तिच्याजवळून आत आला. नजर गेली तिच्याकडे. मग खाली बघून पुढे आला.

मी ताटं उघडली. वास सगळ्या घरभर पसरला होता. त्यानं भांड्यांकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं की हे कुणासाठी केलंय, बाई?

निजामभाऊ, बाई म्हणाला तो मला. आणि मी एक शब्द बोलायचा होता. घरासाठी, एवढाच. पाहुणे यायचे आहेत म्हणाले असते तरी भागलं असतं. त्यानं विश्वास ठेवला असता, बाटी घेतली असती, तीन वर्षांनी माझ्या हातचं जेवला असता. पण तुम्ही रतलामहून लिहिलं होतं तेच आठवलं, की तुमाला खोटं लिवनं जमनार न्हाई. मी म्हटलं, तुमच्यासाठी केलंय.

त्यानं मान हलवली. रागावला नाही, समजूतही घातली नाही. मग विचारलं की घरात दुसरं काही आहे का? दुरडीत अरिहंतच्या न्याहारीची अर्धी ज्वारीची भाकरी उरली होती, कडक झालेली. आणि वाटीभर ताक. ते मी वाढलं. तुमच्या शेठजींनी सेंधव्याला वाढलं होतं तसंच, होतं तेवढं सगळं पुढे केलं. अर्ध्या भाकरीतलीही त्यानं अर्धीच घेतली. दया पाळा, असा साधूंचा आशीर्वाद दिला, आणि गेला. वळून बघितलं नाही. गाणं म्हणत होता की नाही ते कळलं नाही, तोंडावर मुहपत्ती होती.

मग मी ओट्यावर बसून खूप रडले. दुपारी जैबुन्निसाला हाक मारली. रोजे संपलेले, सूर्य डोक्यावर, कुणाच्या आड काही येत नव्हतं. दोघींनी बसून बाटी खाल्ली. ती म्हणाली, तूप लई घातलंस गं.

तुम्हाला एक सांगायचं होतं म्हणून हे सगळं लिहिलं. आज्ञेवर मी सही केली त्याला तीन वर्षं झाली. पण आतून रोज वाटायचं, एकदा येऊ दे, एकदा माझ्या हातचं पोटभर खाऊ दे, मग बघते कसा जातो. परवा तो दारात उभा होता, आणि त्याला अडवायला मला फक्त थोडं खोटं बोलायचं होतं. नाही बोलले. सही तेव्हा केली होती भाऊ, आज्ञा परवा दिली.

यास्मिनला आणि पोरांना आशीर्वाद. बहिणीला विसरू नका. विसरलात तर मी उशी घेऊन भिवंडीला येईन.

तुमची,
कस्तुरबाई

ता. क. सायकलच्या मागच्या चाकात हवा नाही, ते त्यानं बघितलं असावं. डोळा बरा झाला की येऊन भरून द्या.